इंजिन बांधून पण ऑईल खातंय? परत खोलायच्या आधी या चुका टाळा

इंजिनचं काम करून महिना झाला, रिंग-पिस्टन नवीन, बोअर केलं, हेडचं काम केलं, खिसा रिकामा झाला आणि एक दिवस गेज (ऑईल मोजायची पट्टी) ओढून बघितलं तर ऑईल खालच्या खुणेला. मग मिस्त्री म्हणतो "अजून रिंग बसल्या नाहीत, चालवा, बसतील", मालक म्हणतो "रिंगच डुप्लिकेट टाकल्या, खोला परत", आणि दोघंही अंदाजानं बोलत असतात. ऑईल जायचे रस्ते मोजकेच आहेत, रिंगांवरून वर, व्हॉल्व्ह गाईडमधून (व्हॉल्व्हची दांडी ज्या नळीत सरकते ती) खाली, ब्रीदरच्या (इंजिनच्या आतला गॅस बाहेर सोडणाऱ्या) पाईपातून, टर्बो असेल तर टर्बोतून, नाहीतर सरळ गळून रस्त्यावर. यातला कुठला रस्ता चालू आहे ते इंजिन न खोलता बऱ्यापैकी कळतं. ते न बघता परत खोललं की आग रामेश्वरी आणि बंब सोमेश्वरी, आणि बिल परत तुमच्याच नावावर.

मोजायच्या आधीच "खातंय" म्हणणं

नवीन इंजिनमध्ये ऑईल भरलं, गेज फुल दाखवतंय, पहिल्यांदा स्टार्ट केलं आणि बंद करून परत बघितलं तर लेव्हल खाली. हे खाल्लेलं नाही. रिकामा फिल्टर भरला, गॅलऱ्या भरल्या, छोट्या गाडीच्या फिल्टरमध्येच पाव लिटरच्या आसपास बसतं. तेवढं टॉप-अप करायचं आणि तिथून मोजायला सुरुवात करायची.

मोजायचं कसं, तर सपाट जागा, शक्यतो रोज तीच, इंजिन बंद करून दहा मिनिटं थांबायचं, फुल खुणेपर्यंत भरायचं आणि किलोमीटर लिहून ठेवायचे. ५०० किंवा १००० किलोमीटरनंतर त्याच जागी उभी करून मापाच्या भांड्यानं परत फुल करायचं, जेवढं गेलं तेवढं खाल्लं. बऱ्याच कंपन्यांच्या ओनर्स मॅन्युअलमध्ये १००० किलोमीटरला १ लिटरपर्यंत चालतं असं लिहिलेलं असतं, म्हणजे कंपनीनं आपली बाजू भक्कम करून ठेवलीय, पण नीट बांधलेलं छोटं पेट्रोल इंजिन एवढं खात असेल तर काहीतरी चुकलंय एवढं नक्की. पहिल्या हजारभर किलोमीटरमध्ये थोडं जास्त जाणार, ते धरून चाला, दर मोजणीला आकडा खाली येतोय का ते महत्त्वाचं. खाली येत असेल तर इंजिनला हात लावू नका.

अजून एक, फुल खुणेच्या वर भरू नका. "थोडं जास्त असलेलं बरं" म्हणून अर्धा लिटर जादा ओततात, मग क्रँक ते ऑईल घुसळतो, फेस होतो, ब्रीदरमधून वर ओढलं जातं आणि जळतं. आणि इंजिन बांधताना गेजची नळी बदलली असेल, किंवा ती पूर्ण आत ठोकलेली नसेल, तर गेजच खोटं बोलतंय. हा संशय असेल तर ऑईल काढून मॅन्युअलमध्ये लिहिलंय तेवढंच मोजून भरा आणि गेज कुठं दाखवतंय ते बघा.

गळती न बघणं

"खाली एक थेंब नाही" हे वाक्य मी फार ऐकतो. गाडी उभी असताना थेंब नसतो हो, पण धावताना ऑईलला प्रेशर असतं आणि वारा ते थेंब मागं उडवत नेतो. टॅपेट कव्हर गॅस्केट, ऑईल प्रेशर स्विच, डिस्ट्रिब्युटरची ओ-रिंग, मागचं क्रँक सील, चेंबरचा (खालच्या ऑईलच्या टाकीचा) जोड, हे सगळं इंजिन बांधताना उघडलेलं असतंय. इंजिन खालून-वरून डिझेलनं धुवून कोरडं करा, संशयाच्या जागी टाल्कम पावडर मारा, चाळीस-पन्नास किलोमीटर फिरवून आणा आणि टॉर्च घेऊन खाली शिरा. पांढऱ्या पावडरवर काळी रेघ उमटलेली असते, वाद घालायला जागा राहत नाही.

धूर दिसला की रिंग, असं समीकरण

सगळ्यात जास्त इंजिनं या एका गैरसमजापायी परत खोलली जातात. आधी सायलेन्सरचं बघा. जुनं इंजिन वर्षभर ऑईल जाळत होतं, ते सगळं सायलेन्सरच्या आत मुरलेलं असतं, नवीन इंजिनचा गरम एक्झॉस्ट ते भाजत राहतो आणि मागं निळा धूर दिसतो. इंजिनचा काही संबंध नाही. लांबच्या रनला गाडी चांगली तापवा, कमी कमी होत जाईल.

त्यानंतर धूर कधी येतो ते बघा, धुराच्या रंगाइतकीच त्याची वेळ बोलते. रात्रभर उभी गाडी सकाळी स्टार्ट केली की एक निळा ढग आणि मग साफ, हे व्हॉल्व्ह सीलचं (गाईडच्या तोंडावरच्या रबराचं) लक्षण, कारण रात्रभर ऑईल गाईडवरून खाली पाझरलेलं असतं. सिग्नलला बराच वेळ आयडलला उभी आणि निघताना धूर, तेही सीलच. चढावर, लोड घेऊन, ॲक्सिलेटर दाबून ठेवलाय आणि धूर सतत येतोय, तर मग रिंगकडे बघा.

पेट्रोल गाडीची सगळ्यात चांगली परीक्षा घाटात होते. आंबा घाट साखरप्याच्या बाजूला उतरताय असं समजा, दुसरा-तिसरा गिअर, ॲक्सिलेटरवरून पाय काढलेला, गाडी इंजिनवर अडवत खाली आणायची. थ्रॉटल बंद आणि इंजिन फिरतंय म्हणजे इनटेकमध्ये जोरदार व्हॅक्यूम तयार होतो आणि तो गाईडमधून ऑईल खेचतो. खाली सरळ रस्ता लागला, मागं कोणी नाही बघून ॲक्सिलेटर दाबा आणि मागच्या सीटवरच्याला काचेतून मागं बघायला सांगा. निळा भपकारा एकदाच येऊन संपला तर सील किंवा गाईड, म्हणजे हेडचं काम, पिस्टन काढायची गरज नाही. डिझेलला ही परीक्षा फारशी लागू नाही, तिथं पेट्रोलसारखा थ्रॉटल नसतो त्यामुळं तेवढा व्हॅक्यूमच होत नाही.

सील नवीन टाकले होते म्हणता? मग दोन प्रश्न विचारा. गाईडमधला प्ले बघितला होता का, कारण गाईड ढिलं असेल तर व्हॉल्व्ह हलतो आणि नवीन सील पण लवकर फाटतं. आणि सील बसवताना व्हॉल्व्हच्या टोकाच्या खाचेवर प्लास्टिकची टोपी घातली होती का? त्या खाचेची धार ब्लेडसारखी असते, सील तिच्यावरून तसंच ढकललं की ओठ कापला जातो आणि वरून सगळं झकास दिसतं.

आणि धूर नाही म्हणजे जळत नाही असंही नाही. कॅटॅलिटिक कन्व्हर्टर (एक्झॉस्टमधला धूर साफ करणारा डबा, थोडक्यात कॅट) असलेल्या गाडीत थोडं ऑईल जळत असेल तर तो धूर तिथंच पचतो, मागं काहीच दिसत नाही. पण ऑईलमधलं फॉस्फरस त्या कॅटला हळूहळू निकामी करतं, त्यामुळं "धूर नाही ना, मग ओतत राहू" हा हिशोब शेवटी महागात पडतो.

ब्रीदर विसरणं

इंजिन नवीन आणि पीसीव्ही व्हॉल्व्ह (इंजिनच्या आतला गॅस परत इनटेकमध्ये सोडणारा) जुनाच, चिकटलेला. हे इतकं कॉमन आहे की मी आधी तिथंच बघतो. पेट्रोल गाडी आयडलला ठेवून ऑईल भरायचं झाकण काढा आणि भोकावर जाडसर कागद ठेवा. कागद हलका आत ओढला गेला तर सिस्टीम ठीक. फडफडून उडायला लागला तर एकतर पीसीव्ही जाम आहे नाहीतर बॅक कॉम्प्रेशन आहे, म्हणजे रिंगांवरून गॅस खाली येतोय. आधी पीसीव्ही आणि त्याचा पाईप साफ करा किंवा नवीन टाका, स्वस्तातलं काम आहे, मग परत कागद ठेवा. एअर फिल्टरच्या डब्यात ऑईल साचलेलं असेल तर तोही याच गोष्टीचा पुरावा.

तिथं हात घातलाच आहे तर फिल्टरपासून इंजिनपर्यंतचा रबरी पाईप पण पिळून बघा. त्याला चीर असेल तर धूळ सरळ सिलेंडरमध्ये जाते आणि मातीच्या रस्त्यावर फिरणाऱ्या गाडीच्या नवीन रिंग काही हजार किलोमीटरमध्ये संपतात. मग रिंगच्या कंपनीला शिव्या.

कॉम्प्रेशन चांगलं आलं म्हणून रिंगला क्लीन चिट

इथं चांगले चांगले फसतात. कॉम्प्रेशन टेस्ट वरच्या रिंगांची परीक्षा घेते. ऑईल पुसून खाली आणायचं काम तिसऱ्या रिंगचं, ऑईल रिंगचं, आणि तिला ही टेस्ट काहीच विचारत नाही. सगळे सिलेंडर एकसारखे, आकडा एकदम टॉप आणि तरी गाडी ऑईल खातेय, हे अगदी शक्य आहे.

टेस्ट करायचीच तर नीट करा, इंजिन गरम, सगळे प्लग काढलेले, बॅटरी चार्ज, ॲक्सिलेटर पूर्ण दाबलेला, पेट्रोल आणि इग्निशन बंद. सिलेंडरा-सिलेंडरात दहा टक्क्यांच्या आत फरक असावा. कमी आलेल्या सिलेंडरमध्ये चमचाभर ऑईल टाकून परत घ्या, आकडा चढला तर रिंग किंवा बोअर, नाही चढला तर व्हॉल्व्ह. पेट्रोलचं कॉम्प्रेशन गेज डिझेलला लावू नका, डिझेलचं प्रेशर त्याच्या आवाक्याबाहेरचं असतं.

प्लग काढलेच आहेत तर ओळीनं मांडून ठेवा. एकच प्लग ओला-काळा आणि बाकीचे कोरडे असतील तर दुखणं त्या एका सिलेंडरचं आहे. सगळे सारखेच ओले असतील तर होनिंग (बोअरला दगडानं मारलेल्या तिरक्या रेघा), रन-इन (नवीन इंजिन सुरुवातीला चालवायची पद्धत), नाहीतर ब्रीदर अशा सगळ्यांना लागू होणाऱ्या कारणाकडं वळा.

आयडलला ठेवून रिंग बसवणं

नवीन इंजिन दिवसभर आयडलला सोडायचं, मग पुढं हजार किलोमीटर चाळीसच्या वर जायचं नाही, ही पद्धत गावोगावी आहे आणि ती रिंगच्या मुळावर येते. रिंग स्वतःच्या ताणानं बोअरवर फार कमी दाबली जाते, तिला बाहेर दाबतो तो मागून येणारा गॅस, आणि गॅसला जोर येतो लोडवर. लोडच दिला नाही तर होनिंगच्या रेघांवर ऑईल भाजून गुळगुळीत थर बसतो, त्याला ग्लेझिंग म्हणतात, आणि मग त्या रिंग कधीच बसत नाहीत. तापमान नॉर्मलला आलं की मोकळ्या रस्त्यावर तिसऱ्या गिअरला चाळीसवरून सत्तरपर्यंत दमदार ओढायची, पाय काढून परत चाळीसला येऊ द्यायची, असं आठ-दहा वेळा. रेडलाईनला नाही न्यायची, जास्त गिअरला कमी स्पीडमध्ये कुंथवायची पण नाही. सुरुवातीचं ऑईल साधं मिनरल बरं, आणि पाचशेला ऑईल-फिल्टर दोन्ही बदला.

जाड ऑईल आणि बाटलीतली औषधं

२०डब्ल्यू-५० टाकलं, वर एक ट्रीटमेंटची बाटली ओतली, खाणं कमी झालं, सगळे खूश. आजार तिथंच आहे. आणि ज्या आधुनिक इंजिनला ५डब्ल्यू-३० सांगितलंय तिथं जाड ऑईल गार सकाळी वर पोचायला उशीर लावतं, नवीन बेअरिंग आणि टर्बोला ते भोवतं. तपास पूर्ण होईपर्यंत सांगितलेला ग्रेडच ठेवा, नाहीतर आकडे कशाशी जुळवणार.

टर्बो डिझेल

१.३ मल्टीजेटसारखी इंजिनं आपल्याकडं भरपूर बांधली जातात, यांना एक जादा चेक आहे. टर्बोकडून इंटरकूलरला जाणारा पाईप काढा. आत ऑईलचा पातळ ओलावा चालतो, पाईप वाकवल्यावर ऑईल ओतलं जात असेल तर टर्बो पासिंग, म्हणजे टर्बोतूनच ऑईल येतंय. पण टर्बो बदलायच्या आधी त्याचा खाली चेंबरला जाणारा रिटर्न पाईप बघा, तिथं जोडाला हातभर सिलिकॉन पेस्ट लावलेली असते, ती आत फुगते, वाट बंद, आणि मग ऑईलला टर्बोच्या सीलमधून जाण्याशिवाय पर्याय उरत नाही. हा चेक पुढं ढकलू नका, कारण इनटेकमध्ये ऑईल साचलं तर डिझेल इंजिन त्याच ऑईलवर पळत सुटतं आणि चावी काढून पण बंद होत नाही.

खोललंच तर आधी धुवू नका

सगळं तपासून रिंगवरच बोट आलं तर खोलायला लागणारच. पण पिस्टन बाहेर आला की पोरं लगेच डिझेलच्या घमेल्यात टाकतात आणि सगळा पुरावा वाहून जातो. पिस्टनच्या डोक्यावर कडेकडेनं कार्बन नसून स्वच्छ ओलं कडं दिसत असेल तर ऑईल रिंगांवरून वर आलंय. पिस्टन बरा आणि इनटेक व्हॉल्व्हच्या पाठीवर काळा चिकट थर असेल तर ते वरून, गाईडमधून. फोटो काढा, कुठला पिस्टन कुठल्या सिलेंडरचा ते लिहा, मग रिंगांकडे या.

एका ओम्नीचं असंच इंजिन समोर आलं होतं, कॉम्प्रेशन एक नंबर, तरी प्लग सारखा ओला होणारा एकच सिलेंडर. त्या पिस्टनच्या ऑईल रिंगचा मधला जाळीचा एक्स्पांडर होता, त्याची दोन टोकं एकमेकांना टेकायला पाहिजेत, ती एकावर एक चढलेली होती. त्यामुळं वरच्या-खालच्या पातळ पट्ट्यांना ताणच नव्हता, बोटानं ढकलल्या तर आत जात होत्या. कंपन्या या टोकांना वेगळा रंग देतात तो यासाठीच, बसवल्यावर दोन्ही रंग दिसले पाहिजेत.

दुसरी रिंग उलटी बसलीय का तेही बघा. खूण, टिंब किंवा अक्षर असलेली बाजू वर पाहिजे, ही रिंग तिरक्या कडेची असते, उलटी बसली की ऑईल खाली खरवडण्याऐवजी वर पाठवते. रिंगचा गॅप बोअरमध्ये घालून फिलरनं मोजा, साध्या पेट्रोल इंजिनला वरच्या रिंगचा अंदाज बोअरच्या दर इंचाला चार थाऊ (इंचाचा हजारावा भाग), म्हणजे ओम्नीच्या ६८.५ मिलिमीटर बोअरला ०.२७ मिलिमीटरच्या आसपास, पण मॅन्युअल किंवा रिंगच्या पाकिटावरचा आकडा असेल तर तोच धरा. ०.५० ओव्हरसाईज बोअरमध्ये ०.२५ च्या रिंग पडल्या असतील तर हा गॅपच सांगून जातो.

बोअरमध्ये बॅटरी मारून तिरक्या जाळीदार रेघा दिसतात का ते बघा. उभे ओरखडे असतील तर होनिंगनंतर ब्लॉक नीट धुतलेला नाही, दगडाची पूड आत राहिली. डिझेल-पेट्रोलनं ती निघत नाही, गरम पाणी, कपड्याची पावडर आणि ब्रश लागतो, आणि नंतर ऑईल लावलेलं पांढरं फडकं फिरवून ते काळपट व्हायचं थांबेपर्यंत परत परत धुवायचं. धुतल्या धुतल्या वाळवून ऑईल लावा, उघडं बीड काही मिनिटात गंजायला लागतं. बोअरिंगवाल्याकडून ब्लॉक आला की तो धुऊनच आलाय असं धरू नका, जोडणी ज्याच्या हातात आहे त्यानं परत धुवायचा, आणि तो धुताना तुम्ही तिथं उभे असाल तर उत्तमच.