नीटला तीन आठवडे उरलेत आणि डोकं चालेनासं झालंय? असं सावरा

एप्रिल उजाडला की लातूरच्या अभ्यासिकांमध्ये एक वाक्य हमखास ऐकू येतं : "वाचतोय, पण डोक्यात काही शिरत नाही." बारावी बोर्डाचे पेपर संपून दम खातो न खातो तोच टेस्ट सिरीज सुरू होते, अनेकांची मध्येच राज्याची सीईटीही असते, आणि मेच्या सुरुवातीला वैद्यकीय प्रवेशाची नीट परीक्षा येऊन ठेपते. अशा वेळी पोरं अभ्यासाचे तास वाढवतात आणि आणखी खचतात. उरलेल्या दिवसांत तास वाढवू नका, पसारा कमी करा.

आधी थकवा कोणता ते बघा

मूत्रपिंडातल्या नेफ्रॉनचा परिच्छेद तुम्ही चार वेळा वाचलाय. तीन रंगांच्या रेघा मारून झाल्यात. पुस्तक मिटून हेनलेच्या लूपमध्ये पाणी कुठे शोषलं जातं विचारलं, तर उत्तर येत नाही. एक रात्र गाढ झोपून हे सुधारलं तर तो साधा शीण. झोपूनही पुस्तक उघडताना पोटात गोळा येत असेल, हातखंडा प्रश्न मॉकमध्ये, म्हणजे सराव परीक्षेत, चुकत असतील, आईने "जेवलास का?" विचारल्यावरही डोळे भरून येत असतील, तर पुढचं सगळं तुमच्यासाठी आहे.

आणि मनात "जगून काय उपयोग" असं येत असेल, तर अभ्यास तिथेच थांबवून लगेच कुणाला तरी सांगा. घरच्यांना सांगा, किंवा 14416 वर फोन करा. ही सरकारची टेली-मानस सेवा आहे, मोफत, चोवीस तास, मराठीतही बोलतात. परीक्षा पुढच्या वर्षीही असते.

एक पूर्ण दिवस सुट्टी घ्या

अर्धा दिवस नको, पूर्ण घ्या. घरी आधी सांगून ठेवा, म्हणजे कुणी टोकणार नाही. भरपूर झोपा, केस कापून या, गाव जवळ असेल तर घरी जाऊन जेवून या. मोबाइल मात्र कपाटात ठेवा. टेलिग्रामच्या ग्रुपवर "माझी चौथी रिव्हिजन झाली" हे वाचलं की सुट्टी वाया गेलीच म्हणून समजा.

झोप आणि दुपार ताब्यात घ्या

रात्री सात-आठ तास झोप हवीच. दिवसभर वाचलेलं मेंदू झोपेतच पक्कं करतो, त्यामुळे झोप मारून केलेली रिव्हिजन हातात राहत नाही. संध्याकाळनंतर चहा-कॉफी बंद करा. त्यातलं कॅफिन निम्मं उतरायलाच साधारण पाच तास लागतात.

दुपारकडे मात्र फार कमी जणांचं लक्ष असतं. नीटचा पेपर 2 ते 5 या वेळेत असतो. मराठवाड्यातल्या एप्रिलच्या दुपारी मेसचं जेवण झालं, पंखा लावला की डोळे मिटणारच, आणि महिनाभर तीच सवय लागली तर परीक्षेच्या दिवशीही दोन वाजता शरीर झोपच मागणार. आतापासून 2 ते 5 जागे राहा, आणि दिवसातला सगळ्यात महत्त्वाचा अभ्यास त्याच वेळी करा. जेवण हलकं ठेवा, पाणी जवळ असू द्या.

पुस्तकांचा ढीग कमी करा

टेबलावर तीनच गोष्टी ठेवा : एनसीईआरटीची पाठ्यपुस्तकं, स्वतःच्या हाताने लिहिलेली सूत्रं, आणि चुकांची वही. क्लासची बाकीची मॉड्यूल्स खाटेखाली ढकला. 180 पैकी 90 प्रश्न बायोचे, म्हणजे 720 पैकी 360 गुण. त्यातले बहुतेक एनसीईआरटीच्या ओळींशी जोडलेले असतात. फिजिक्सचं जे प्रकरण वर्षभरात एकदाही उघडलं नाही, ते आता सोडून द्या. बॅकलॉग मनावर बसलेला असतो हे खरं, पण तो सोडायचा असं एकदा कागदावर लिहून टाकलं की बराच भार उतरतो.

चुकांची वही नसेल तर आज सुरू करा. गेल्या काही मॉक्समधले चुकलेले प्रश्न घ्या आणि प्रत्येकापुढे एक शब्द लिहा : आलंच नाही, घाई, की उत्तरपत्रिकेवर भरलेला चुकीचा गोल. बरोबर उत्तराला 4 मिळतात, चुकीच्याला 1 कापला जातो. म्हणजे येत असलेला प्रश्न घाईत चुकला की 5 गुणांचा फटका. असे दहा प्रश्न वाचवले तर 50 गुण हाती येतात, तेही नवं काही न वाचता. थकलेल्या डोक्याला झेपणारा आणि फळ देणारा अभ्यास यापेक्षा दुसरा नाही.

रोज मॉक नको

आठवड्याला दोन पुरेत. ते दुपारी दोनलाच, ओएमआर उत्तरपत्रिकेवर गोल भरत द्या. जुने पेपर सोडवताना लक्षात ठेवा, 2021 ते 2024 मध्ये 200 प्रश्नांतले 180 सोडवायचे होते. 2025 पासून थेट 180 प्रश्न आणि तीन तास. मॉक झाल्यावर त्या दिवशी फक्त चुका तपासा, दुसरं काही नाही.

आई-बाबांसाठी

"किती पडले?" हा प्रश्न परीक्षेपर्यंत बंद ठेवा. शेजाऱ्यांच्या मुलीचे मार्क सांगू नका. संध्याकाळी ऊन उतरलं की मुलाला घेऊन अर्धा तास चालून या, आणि चालताना नीटचा विषय काढू नका. मुलांना तुमच्या खर्चाची जाणीव असते. ती पुन्हा करून द्यायची गरज नसते.

शेवटचे दोन दिवस

फक्त चुकांची वही आणि सूत्रं चाळा. केंद्र आदल्या दिवशी पाहून या. प्रवेशपत्र, फोटो, ओळखपत्र एका फोल्डरमध्ये घाला. पेन केंद्रावरच मिळतं. गेट दीडला बंद होतं, पण तपासणीच्या रांगेत वेळ जातो, तेव्हा प्रवेशपत्रावर दिलेल्या वेळेलाच पोहोचा. आदल्या रात्री नऊनंतर पुस्तक उघडू नका.