गावचं घर कॅमेऱ्यात घेताना

गणपतीला किंवा मे महिन्यात गावी जाऊन घराच्या फोटोंचं काम सुरू करणार असाल तर कॅमेरा कोणता यावर डोकं शिणवू नका. हातात आहे तो पुरतो.

सांभाळायचं ते दुसरंच. रत्नागिरी-सिंधुदुर्गातलं बंद घर दिसलं की हात ठरलेल्या गोष्टींकडे वळतो: कुलूप, रिकामी आरामखुर्ची, शेवाळलेला चिरा, पावसात भिजलेलं वृंदावन. फोटो देखणे येतात, लोक वाहवा करतात आणि माणूस तिथेच अडकतो. मीही अडकले होते. असेच फोटो चुलतभावाला दाखवले, तर तो म्हणाला, "कोणाचं गं हे घर?" तो त्याच घरात वाढलाय! रिकामपणात आपलं काही ओळखू येत नाही. जीव अडकलेला असतो वापराच्या खुणांत. ओटीच्या भिंतीवरचा तेलकट डाग बघा, बरोबर बसलेल्या माणसाच्या डोक्याच्या उंचीवर. चुलीवरच्या वाशांची काजळी बघा. चौकटीवर पेन्सिलीने आखलेल्या पोरांच्या उंच्या. फोनच्या कोनाड्याशेजारी भिंतीवरच लिहिलेले नंबर, त्यात गिरणगावातल्या चाळीतल्या शेजाऱ्यांचा पी.पी. नंबर, म्हणजे ज्यावर फोन करून आपल्या माणसाला बोलावून घ्यायचं तो. 1982 च्या संपानंतर मुंबईहून आलेली, पांढऱ्या रंगात नाव घातलेली ट्रंक. एकेका खुणेवर अख्खी सकाळ घालवा.

माजघरात फ्लॅश मारू नका, तिथला अंधार फोटोत यायलाच हवा. ट्रायपॉड लावा, लेन्सचं छिद्र (अ‍ॅपर्चर) एफ/8 वर ठेवा, शटर अर्धा-एक सेकंद लागला तरी लागू दे. दारातला उजेड पांढराफटक होणार नाही इतपतच एक्स्पोजर ठेवा आणि रॉमध्ये (कॅमेऱ्याच्या प्रक्रिया न केलेल्या फाइलमध्ये) घ्या, म्हणजे सावलीतलं नंतर उजळून वर काढता येतं. जुनं वाटावं म्हणून सेपिया चढवणं मात्र मला अजिबात मान्य नाही.

वर्कशॉपमध्ये आधी संकल्पना लिहून आणायला सांगतात. मला हे पटत नाही. साधे 4 बाय 6 चे प्रिंट काढा, ओटीवर मांडा आणि काकूला हाक मारा. बाळंतिणीची खोली कुठली, भांडण कुठल्या पायरीवर झालं, हे तिलाच ठाऊक. फोनवर रेकॉर्ड करा, प्रिंटमागे मऊ पेन्सिलीने नावं लिहा. पहिल्या खेपेला काहीच जमलं नाही तरी घाबरू नका, काकू बोलायला लागली की पुढचे फोटो आपसूक सुचतात.

आणि घरपट्टी एकाच्या नावावर असली तरी घर भावकीचं असतं. वाटणीचा वाद चालू असेल तर फोटो बाहेर दाखवण्याआधी सगळ्यांना विचारा. एकाने जरी नको म्हटलं तरी तो फोटो बाजूला ठेवा.