बहुविद्याशाखीय पदवी: आधी प्रश्न ठरवा, मग विषय

बी.ए.च्या नव्या रचनेत मेजर (मुख्य विषय), मायनर (जोडविषय), ओपन इलेक्टिव्ह, कौशल्य, भाषा, मूल्यशिक्षण, भारतीय ज्ञानप्रणाली असे इतके खण आहेत की प्रवेशाच्या रांगेत पोरं गोंधळतात आणि मैत्रिणीने घेतलं तेच भरून मोकळी होतात. तीन वर्षांत १२० ते १३२ श्रेयांक (क्रेडिट) जमतातच. पण त्या विषयांचा एकमेकांशी काही संबंध राहिला नाही, तर शेवटी हातात नुसतं गुणपत्रक उरतं. म्हणून माझं सांगणं एवढंच आहे की विषयांची यादी बघण्याआधी आपल्याला छळणारा एक प्रश्न शोधा.

मी धुळे जिल्ह्यातल्या साक्री तालुक्यातली. आमच्याकडे पांझरा नदीवर फड पद्धत ही सिंचनाची जुनी व्यवस्था आहे. नदीवर बंधारा, त्यातून पाट, पाटाखालच्या जमिनीचे फड म्हणजे मोठे तुकडे, आणि एका फडात एका हंगामाला सगळ्यांचं एकच पीक. पाणी पाटकरी सोडतो, राखण जागल्या करतो आणि हा सगळा कारभार शेतकरीच सांभाळतात. शेकडो वर्षं चाललेली ही व्यवस्था ठिकठिकाणी मोडत का गेली, हा माझा प्रश्न होता. तो एका विषयात मावत नाही. उतार, माती आणि नदीसाठी भूगोल लागतो, म्हणून तो मेजर घेतला. सामायिक पाण्याचं वाटप आणि नगदी पिकाचा ओढा समजायला अर्थशास्त्र हवं, ते मायनर. ओपन इलेक्टिव्ह आपल्या विद्याशाखेबाहेरचं घ्यायचं असतं. बहुतेक जण त्यात सोपा पेपर शोधतात. मी प्राथमिक संख्याशास्त्र घेतलं, कारण घरोघर फिरून माहिती गोळा केली तरी ती मांडता यायला हवी. जुन्या कागदपत्रांसाठी धुळ्यातलं राजवाडे संशोधन मंडळ जवळच आहे. आणि म्हाताऱ्या पाटकऱ्यांशी बोलायला अहिराणी, आमची बोली, लागते. पुस्तकी मराठीत प्रश्न विचारला की ते दोन शब्दांत उत्तर देऊन गप्प होतात.

तुमचा प्रश्न वेगळा असेल. रावेर-यावलच्या केळीचा भाव, भुसावळचं रेल्वे जंक्शन, सातपुड्यातल्या पावरा मुलांची शाळेतली भाषा, काहीही चालेल. फक्त तो तुमच्या पायाखालचा असावा.

नियोजन शेवटाकडून करा. फील्ड प्रोजेक्ट आणि कार्यप्रशिक्षण (प्रत्यक्ष कामाच्या ठिकाणचं प्रशिक्षण) कोणत्या सत्रात आहे ते आधी बघा आणि त्यासाठी लागणारा पेपर त्याआधीच्या सत्रात येईल असं बसवा. एक श्रेयांक म्हणजे एका सत्रात साधारण १५ तास वर्गातलं शिकवणं, प्रात्यक्षिकाला ३० तास. एसटीने ये-जा करणाऱ्यांनी प्रात्यक्षिकाचे दोन पेपर एकाच सत्रात घेताना शेवटच्या गाडीची वेळ जरूर बघावी. महाविद्यालयात नसलेला विषय 'स्वयम्' या केंद्र सरकारच्या ऑनलाइन अभ्यासक्रमांच्या संकेतस्थळावर मिळू शकतो, पण त्याचे श्रेयांक धरले जातील का, हे विभागप्रमुखांकडून आधी लेखी घ्या.

घरचे विचारणारच, "हाई शिकीसन काय व्हई?" प्रश्न रास्त आहे, टाळू नका. एमपीएससी, यूपीएससीला कोणतीही मान्यताप्राप्त पदवी चालते. पण बी.एड.ला पदवीत शालेय विषय आहे का ते बघतात आणि एम.ए.ला अनेक ठिकाणी मेजर विचारतात. म्हणून मेजर ओळखीच्या नावाचा घ्या आणि धाडस मायनर-इलेक्टिव्हमध्ये करा. हे माझं ठाम मत आहे. चौथ्या वर्षी संशोधनासह ऑनर्स करायचं मनात असेल तर पहिल्या सहा सत्रांत ७५ टक्के लागतात, त्यामुळे पहिल्या सत्रापासूनच गुणांकडे लक्ष हवं.

श्रेयांक ऑनलाइन जमा होतात ते अकॅडमिक बँक ऑफ क्रेडिट्सचं खातं पहिल्याच महिन्यात उघडा. आधारवरचं आणि बारावीच्या गुणपत्रकावरचं नाव अक्षरशः जुळतं का ते तेव्हाच तपासा, आणि प्रत्येक निकालानंतर श्रेयांक खात्यात आलेत का ते बघत जा.