अचानक हाती आलेले पैसे आणि कनू कॅम्पिंगचं सामान: आधी काटा काढा, मग पाकीट

यंदा टॅक्स रिफंडचे ६८० डॉलर ध्यानीमनी नसताना खात्यात जमा झाले. तासाभरात माझ्या फोनवर तंबू, घडीच्या खुर्च्या आणि कार्बनची वल्ही यांची पंधरा-वीस पानं उघडी होती. हा मोह जुनाच. सहा वर्षांपूर्वी असाच एक बोनस मिळाला आणि त्यातून मी दोन बर्नरची शेगडी घेतली. शेगडी कसली, पत्र्याची पेटीच ती. अल्गॉन्क्विनमध्ये रॅग्ड लेकवरून बिग पॉर्क्युपाइन लेकला जाताना ५९० मीटरची चढाची पायवाट लागते. त्या वाटेवर ही पेटी मी दर पन्नास पावलांनी हात बदलत वाहिली. पुढून बायको म्हणाली, "एवढ्या कष्टाचं पिठलं आपण घरीच खाल्लं असतं."

ज्यांनी हा प्रकार केलेला नाही त्यांच्यासाठी थोडक्यात: सगळं सामान लांबट, उघड्या होडीत, म्हणजे कनूत भरायचं, वल्हवत एक तलाव पार करायचा, आणि पुढच्या तलावापर्यंत होडी डोक्यावर आणि सामान पाठीवर घेऊन रानातून चालायचं. या चालण्याला पोर्टेज म्हणतात. कॅनडात टोरांटोच्या उत्तरेला गाडीने तीनेक तासांवर असलेलं अल्गॉन्क्विन हे १८९३ साली स्थापन झालेलं अभयारण्य. क्षेत्रफळ सुमारे ७,६०० चौरस किलोमीटर, आणि आत दोन हजार किलोमीटरहून जास्त जलमार्ग. आमच्यासारखी टोरांटोशेजारच्या मिसिसागाची मंडळी दर उन्हाळ्यात तिथे जातात. तेव्हा पुढचं सगळं तिथल्या अनुभवावरून.

१. आठ दिवस काही विकत घेऊ नका

आधी सामान बाहेर काढा. बेसमेंटमध्ये चादर अंथरून सगळं मांडा आणि एकेक वस्तू तोला. भारतात जाताना २३ किलोच्या बॅगेसाठी आपण जो लटकता काटा घेतो, तो याच कामाचा. वहीत तीन रकाने करा: वस्तू, वजन, आणि गेल्या तीन सहलींत ती किती वेळा वापरली. तिसरा रकाना फार निर्दय असतो. माझ्या वहीत कुऱ्हाडीपुढे शून्य होतं आणि तिचं वजन दीड किलो. कंदील, दुसरा कंदील, तिसरं पातेलं, "असू दे" म्हणून घेतलेली जाड सतरंजी मिळून साडेचार किलो निघाले. एक पैसा न खर्चता साडेचार किलो कमी! नवीन हलका तंबू घेऊन एवढं वजन वाचवायचं तर निम्मा रिफंड गेला असता, आणि तरी एवढं वाचलं नसतंच.

२. किलो नव्हे, खेपा मोजा

पाठीवर एक पिशवी आणि डोक्यावर होडी घेतली तरी बरंच काही मागे उरतं. मग ते आणायला परत यावं लागतं. म्हणजे एकदा भरलेले जाता, रिकामे परत येता, पुन्हा भरलेले जाता. ५९० मीटरची वाट १,७७० मीटरची होते. दिवसात सगळे पोर्टेज मिळून अडीच किलोमीटर असतील तर तुम्ही साडेसात चालता, त्यातले पाच ओझ्याखाली. मेअखेर ते जूनमध्ये काळ्या माश्या कानामागे चावत असताना हा फरक चांगलाच कळतो.

म्हणून दुकानात प्रत्येक वस्तूला एकच प्रश्न विचारा: हिच्यामुळे माझी एक खेप वाचते का? तंबू चारशे ग्रॅम हलका झाला आणि खेपा तेवढ्याच राहिल्या, तर ते चारशे ग्रॅम फक्त सांगण्यापुरते. उलट हातात लोंबकळणाऱ्या सुट्या वस्तू, म्हणजे वल्ही, पाण्याची बाटली, खुर्ची, माशांचा गळ, एका पिशवीत गेल्या तर वजन तेवढंच राहूनही खेप वाचू शकते. वल्ही होडीच्या आडव्या दांड्यांना बांधायला दोन-तीन वेल्क्रोचे पट्टे पुरतात. माझ्या मते या छंदातली ही सगळ्यात स्वस्त सुधारणा.

३. पहिले पैसे जिवासाठी

कायद्याने होडीत काय लागतं ते आधी पुरं करा: प्रत्येकाला मापाचं लाइफ जॅकेट, किमान १५ मीटरची तरंगणारी दोरी, पाणी उपसायचं भांडं किंवा पंप, आणि शिट्टी. अंधार पडल्यावर पाण्यात असाल तर दिवाही. भांड्यासाठी डॉलरही लागत नाही. हँडलच्या प्लास्टिक बाटलीचं बूड तिरकं कापा, झालं.

लाइफ जॅकेटवर मात्र हात आखडू नका. त्यावर कॅनडाच्या मान्यतेचं लेबल हवं. ते नसेल तर इथे ते जॅकेट धरलंच जात नाही. दुकानात नुसतं घालून आरशात पाहू नका, खाली बसा आणि वल्हं मारल्यासारखे हात हलवा. काखेत घासतंय का? बसल्यावर हनुवटीला टेकतंय का? घासणारं जॅकेट अर्ध्या तासात अंगावरून उतरतं आणि बुडाखाली जातं. अल्गॉन्क्विनच्या तलावांवरचा बर्फ साधारण एप्रिलअखेर ते मेच्या सुरुवातीला वितळतो. मे महिन्यात हवा छान उबदार असते, पण पाणी तसं नसतं. त्या पाण्यात पडलेल्या माणसाला बुडाखालचं जॅकेट ओढून अंगात घालणं जमत नाही.

आत बहुतेक ठिकाणी मोबाइलला रेंज नाही, म्हणून उपग्रहावरून संदेश पाठवणारं यंत्र घ्यावंसं वाटेल. वजन शंभर ग्रॅमच्या आसपास, पण वर्गणी वेगळी. आधी खिशातला फोन तपासा. आयफोन १४ आणि त्यापुढच्या फोनांत उपग्रहावरून मदत मागायची सोय कॅनडात चालते. दोन-तीन रात्रींच्या नेहमीच्या वाटेसाठी ती बऱ्याच जणांना पुरेल. एकट्याने लांब जाणार असाल तर यंत्र घ्याच.

४. वल्हं

माझे सगळ्यात आनंदाचे पैसे इथे गेले. हिशोब करून बघा: मिनिटाला चाळीस फटके, दिवसाला चार तास, म्हणजे ९,६०० वेळा तुम्ही ते वल्हं उचलता. भाड्याच्या होडीबरोबर मिळणारं जाड वल्हं आणि चांगलं लाकडी वल्हं यांत पाव किलोचा फरक असला तर संध्याकाळी खांद्याला तो कळतोच.

मापासाठी उंची विचारणाऱ्या दुकानदाराला फार मनावर घेऊ नका. कडक खुर्चीवर ताठ बसा आणि बैठकीपासून नाकापर्यंतचं अंतर मोजा. पातं सोडून दांड्याची लांबी साधारण तेवढी हवी. खोल तलावांसाठी लांब, निमुळतं पातं चांगलं. ते आवाज न करता पाण्यात शिरतं. उथळ, दगडाळ ओढ्यांत आखूड आणि रुंद पातं बरं. वाकड्या दांड्याची वल्ही पुढे बसणाऱ्याला छान वेग देतात, पण मागे बसून होडीची दिशा सांभाळायची तर सरळ दांडा हाताला जास्त ऐकतो. आम्ही एकेक घेतलं. पुढे बायको, मागे मी. दिशेवरून होणारी भांडणं मात्र दांडा बदलून थांबली नाहीत.

जुनं लाकडी वल्हं टाकू नका. वॉर्निश खरवडा, बारीक पॉलिश पेपर मारा आणि अळशीच्या तेलाचे दोन-तीन पातळ हात द्या. तळव्याला फोड येतात ते बहुतेक वेळा वॉर्निशमुळे. तेल दिलेलं लाकूड हातात मऊ बसतं. तेलाने भिजलेल्या चिंध्या मात्र बोळा करून गॅरेजमध्ये टाकू नका, त्या आपोआप पेट घेऊ शकतात. उघड्यावर पसरून वाळवा, मगच फेका.

५. ताडपत्री

तंबूआधी ताडपत्री. माझं हे मत ऐकून मित्र हसतात, पण पाऊस लागला की सगळे माझ्याच ताडपत्रीखाली येतात. तंबूत आपण झोपतो; पावसाळी दिवसाचे बाकीचे चौदा तास स्वयंपाक, पत्ते आणि ओले मोजे यांतच जातात. साधारण तीन मीटर बाय तीन मीटरची सिलिकॉन लावलेल्या नायलॉनची ताडपत्री घडी केली की पावाच्या लादीएवढी होते. हार्डवेअरच्या दुकानातली निळी ताडपत्री जड असते, वाऱ्यात रात्रभर फडफडते, आणि तिच्या कोपऱ्यांतली कडी दुसऱ्याच वादळात हाती येतात.

बांधताना दोन झाडांमध्ये आधी एक दोरी ताणा, तिच्यावर ताडपत्री टाका, मग कोपरे ओढा. एक कोपरा मुद्दाम खाली ठेवा म्हणजे पाणी तिथूनच वाहील आणि मधे फुगा धरणार नाही. त्या कोपऱ्याखाली पातेलं ठेवलं की भांडी धुवायचं पाणी आयतं मिळतं. ही गाठ-बांधणी घरामागच्या अंगणात दोनदा करून बघा. पहिला सराव भर पावसात करायचा नसतो.

६. पाठ आणि जमीन

थंडी वाजली की लोक जाड स्लीपिंग बॅग घेतात. गारवा बऱ्याचदा खालून येतो, कारण अंगाखाली दबलेला पिसांचा किंवा तंतूंचा थर ऊब धरत नाही. अंगाखाली घालायच्या मॅटवर ‘आर’ आकडा छापलेला असतो; जितका मोठा तितकी ऊब. जुलै-ऑगस्टला दोनच्या आसपास चालतो. मेपलची पानं लाल होतात त्या सप्टेंबरअखेरच्या दिवसांत चार किंवा जास्त बघा. हे आकडे बेरजेने वाढतात. तुमच्याकडे दोनची हवेची मॅट असेल तर तिच्याखाली दोनची स्वस्त फोमची मॅट घाला, चार झाले. वर हवेच्या मॅटला भोक पडलं तरी रात्र निभावते.

७. खाण्याचं पिंप

निळं प्लास्टिकचं पिंप, साठ किंवा तीस लिटरचं, कड्याच्या झाकणाचं. पाणी शिरत नाही, भाजणी कोरडी राहते, होडी उलटली तर पिंप तरंगतं. पैसे पिंपावर नव्हे, त्याच्या पाठीच्या पट्ट्यांवर घाला. कमरपट्टा नसलेला साधा पट्टा घेऊन बघा, पहिल्याच पोर्टेजला खांदे सांगतील. आणि हे पिंप अस्वलापुढे टिकेलच असं नाही. रात्री ते जमिनीपासून चार मीटर वर आणि बुंध्यापासून दोन मीटर लांब टांगायचं. त्यासाठी चांगली दोरी आणि एक कप्पी घ्या.

अल्गॉन्क्विनच्या आतल्या भागात खाण्यापिण्याचे डबाबंद टिन आणि काचेच्या बाटल्या नेता येत नाहीत. लोणच्याची बरणी घरीच राहते. लोणचं झाकणाच्या प्लास्टिक डबीत भरा, डबीला दोन पिशव्या घाला. एका सहलीत मी एकच घातली होती. स्लीपिंग बॅगला अजून मोहरीचा वास येतो.

८. होडी विकत घेऊ नका

निदान या पैशांत नको. जुनी १७ फुटी ॲल्युमिनियमची कनू साधारण ३४ किलोची. तेवढ्याच लांबीची केव्हलारची, म्हणजे हलक्या पण चिवट कृत्रिम धाग्याची, १८ ते २० किलोची. सगळ्या सामानात मिळून वाचणार नाही एवढं वजन या एका बदलात वाचतं, आणि ती होडी भाड्याने मिळते. आरक्षण करताना प्लास्टिकच्या होडीपेक्षा दिवसाला थोडे डॉलर जास्त पडतात, ते द्या. रिफंडचा एक हिस्सा "केव्हलारचं भाडं" म्हणून बाजूला काढला तर दोन-तीन सहली त्यात निघतात. घ्यायचीच असेल तर भाड्याने देणारे लोक हंगाम संपताना आपल्या वापरलेल्या होड्या विकतात, तेव्हा जा. बुडाशी नखाने टकटक करत फिरा. आवाज एकदम भद्द झाला तर तिथे थर सुटलेत.

होडीच्या मधोमध मानेसाठी कोरलेला आडवा दांडा असतो, बैलाच्या मानेवरच्या जुवासारखा. त्याला लावायच्या सुट्या गाद्या मिळतात. त्या घ्याच. बैलाला कुणी विचारत नाही, पण तुम्हाला निवड आहे.

९. दुकानात जाताना

छापील किमतीवर आमच्या ऑन्टॅरिओ प्रांतात १३ टक्के एचएसटी, म्हणजे विक्रीकर लागतो, म्हणजे माझ्या ६८० डॉलरची खरी किंमत सहाशेच. त्यात दोन वल्ही, एक ताडपत्री, गाद्या आणि पट्टे बसले. फोमची मॅट जुनी मिळाली. लाइफ जॅकेटं आमची आधीच बरी होती. खुर्ची राहिली, आणि खरं सांगायचं तर तिचीच इच्छा सगळ्यात जास्त होती.

पावत्या जपा, लेबलं लगेच कापू नका, आणि माल परत करायची मुदत संपायच्या आत जवळच्या एखाद्या तलावावर एक दिवस जाऊन या. सगळं भरा, होडी डोक्यावर घ्या, पार्किंगच्या भोवती सहाशे मीटर चाला. लोक बघतात, बघू द्या. आम्ही मेमध्ये असं केलं तेव्हा दुसऱ्या फेरीसाठी मागे काय उरलं ते पाहायला परत गेलो. कारच्या सावलीत फक्त कुत्र्याचं पाण्याचं भांडं होतं.