द्राक्षबाग असलेल्या घरात आम्ल-आम्लारी कशी शिकवावी

तासगाव भागात मी आठवी ते दहावीला विज्ञान शिकवते. आम्ल-आम्लारीचा धडा आला की पोरं पाठांतराला लागतात. आणि त्यांच्याच घरी मोरचूद (कॉपर सल्फेट), कळीचा चुना, गंधक आणि डिपिंगचं, म्हणजे बेदाण्यासाठी द्राक्षं बुडवून काढायचं, पोटॅशियम कार्बोनेट पडलेलं असतं. हा माल आणि तो धडा एकच, हे त्यांना कुणी दाखवून दिलेलं नसतं. पालकांनी आणि शिक्षकांनी सुरुवात इथूनच करावी, असं माझं ठाम मत आहे.

आधी दर्शक, म्हणजे आम्ल की आम्लारी ते रंग बदलून सांगणारा पदार्थ, तयार करा. लाल जास्वंदीच्या आठ-दहा फुलांच्या पाकळ्या काचेच्या पेल्यात घ्या, त्या बुडतील एवढंच गरम पाणी ओता आणि गार झाल्यावर गाळा. टिपकागदाच्या पट्ट्या या पाण्यात भिजवून सावलीत वाळवा. थोडं पाणी बाटलीत राखून ठेवा, पण ते एक-दोन दिवसांत वापरून टाका. आम्लात हा रंग गडद गुलाबी होतो, आम्लारीत हिरवा. दुसरा दर्शक हळदीचा: हळद पाण्यात कालवून कागदाला लावा आणि वाळवा. आम्लारी लागली की तो तांबडा होतो. आम्लात मात्र पिवळाच राहतो, त्यामुळे हळदीचा कागद पिवळा राहिला म्हणजे पदार्थ आम्लच आहे, असं समजू नका. कोकम मुळातच आंबट, म्हणून दर्शक म्हणून नको. बीटही नको, त्याचा रंग साध्या लिंबाने-सोड्याने फारसा हलत नाही.

आता घरात फिरा. लिंबू, चिंच, ताक, कच्च्या द्राक्षाचा रस, खाण्याचा सोडा, साबणाचं पाणी, चुलीतल्या राखेची निवळी. बेदाण्याचं शेड असेल तर डिपिंगच्या पाण्याचा एक थेंब हळदीच्या कागदावर टाका, लगेच तांबडा होईल. पोटॅशियम कार्बोनेट आम्लारीधर्मी आहे. डिपिंग ऑइलच्या जोडीने ते मण्यावरचा मेणचट थर सैल करतं आणि माल लवकर वाळतो. हे सांगितल्यावर पोरं वहीतून मान वर काढतात.

उदासिनीकरण, म्हणजे आम्ल आणि आम्लारी एकमेकांना मारतात ते, शिकवताना घाई करू नका. चुन्याची निवळी अर्धा कप घ्या, तीत जास्वंदीचं पाणी घाला, हिरवा रंग येईल. मग ड्रॉपरने लिंबाचा रस एकेक थेंब सोडा आणि दर थेंबाला ढवळा. बराच वेळ काहीच होत नाही. मग थेंब पडतो तिथे गुलाबी ठिपका उमटतो आणि ढवळल्यावर विरतो. पुढे सगळं पाणी निळसर-जांभळ्याकडे झुकतं आणि नंतर एखाद-दुसऱ्या थेंबात गुलाबी होतं. ड्रॉपर पोराच्याच हातात द्या, तुम्ही नुसतं बघा.

खरी मजा बोर्डो मिश्रणात, म्हणजे बागेवर फवारायच्या मोरचूद-चुन्याच्या बुरशीनाशकात आहे. बागेसाठी एक टक्क्याचं मिश्रण म्हणजे 1 किलो मोरचूद, 1 किलो चुना, 100 लिटर पाणी. शिकवण्यासाठी 10 ग्रॅम मोरचूद अर्धा लिटर पाण्यात प्लॅस्टिकच्या भांड्यात विरघळवा. 10 ग्रॅम विझवलेला चुना दुसऱ्या अर्ध्या लिटरमध्ये कालवा. कळीचा चुना विझवायचं काम मोठ्यांनीच करायचं, तो उकळून उडतो आणि डोळ्यात गेला तर डोळा जातो. मोरचूद विषारी आहे, हातमोजे घाला, आणि त्याचं भांडं पुन्हा स्वयंपाकघरात आणू नका.

मोरचुदाच्या पाण्यात निळा लिटमस बुडवा. तांबडा होतो. मोरचूद तर क्षार, मग तो आम्लधर्मी कसा, असा प्रश्न हुशार पोरगं विचारतंच. कारण तो तीव्र आम्ल आणि सौम्य आम्लारी यांच्यापासून बनलेला आहे. आता पॉलिश पेपरने घासून चकचकीत केलेला लोखंडी खिळा मिनिटभर त्यात धरा. त्याच्यावर तांब्याचा लालसर थर बसतो. मग चुन्याचं पाणी चमचा-चमचा घालत ढवळा आणि दर वेळी नवा घासलेला खिळा बुडवा. पाणी दाट, आकाशी होत जातं, खिळ्यावरचा थर फिका होत होत बसायचाच थांबतो. आणखी चुना घातला की हळदीचा कागदही तांबडा होतो. बागायतदार विळा बुडवून बघतात ती हीच परीक्षा: पात्यावर तांबं चढलं तर मोकळं तांबं शिल्लक आहे, फवारलं तर पानं करपतील. एरवी समप्रमाणात चुना पुरून उरतो. पण उघड्यावर पडून राहिलेला चुना हवेतला कार्बन डायऑक्साइड शोषून कमजोर होतो, म्हणून वजनावर भरवसा न ठेवता विळा बुडवायचा.

आता गंधक. बेदाण्याला धुरी देतात त्या खोलीजवळ गेलं की डोळे चुरचुरतात, घसा धरतो. तो सल्फर डायऑक्साइड. डोळ्यांतल्या ओलाव्यात विरघळून तो तिथेच आम्ल तयार करतो. पोरांना धुरीजवळ नेऊ नका. अंगणात मोठ्या तोंडाच्या काचेच्या बरणीत तळाला चमचाभर पाणी घ्या, तीन-चार काड्या एकदम पेटवून आत धरा आणि विझल्या की झाकण लावून हलवा. काडीच्या गुलातही गंधक असतं. पाण्यात निळा लिटमस बुडवा, तांबडा होईल. इथे जास्वंदीचा कागद वापरू नका, कारण हा वायू फुलांचा रंगच उडवतो.

आम्लवर्षा म्हणजे हेच, फक्त बरणीऐवजी आभाळ. दगडी कोळशात आणि डिझेलमध्ये गंधक असतं. ते जळून झालेला वायू हवेत पुढे सल्फ्युरिक आम्लापर्यंत जातो. म्हणून 1 एप्रिल 2020 पासून देशभर बीएस-6 इंधन आलं, त्यात गंधक दहा लाखांत 10 भागांपेक्षा जास्त चालत नाही, आधीच्या बीएस-4 मध्ये ही मर्यादा 50 होती. मात्र गंधक पूर्ण काढलं तरी इंजिनाच्या प्रचंड उष्णतेत हवेतलाच नायट्रोजन जळतो आणि त्यातून नायट्रिक आम्ल होतं, हे विसरू नका.

दगडावर काय होतं ते दाखवायला शहाबादी फरशीचा तुकडा आणि काळ्या दगडाची खडी घ्या, दोन्हींवर लिंबू पिळा. फरशीवर बारीक बुडबुडे येतात, कारण ती चुनखडक आहे. काळा दगड ढिम्म. ताजमहालाचा संगमरवरही कॅल्शियम कार्बोनेटच, म्हणून 1996 साली सर्वोच्च न्यायालयाने आग्र्याच्या परिसरातल्या उद्योगांना कोळसा सोडून नैसर्गिक वायूकडे वळायला सांगितलं. फळ्यावरचा खडू मात्र या प्रयोगाला घेऊ नका, तो बहुधा जिप्समचा असतो, बुडबुडे येत नाहीत.

शेवटी पाऊस मोजा. शुद्ध पावसाचाही सामू (पीएच) 7 नसतो, हवेतल्या कार्बन डायऑक्साइडमुळे तो साधारण 5.6 असतो. त्याहून खाली गेला तर आम्लवर्षा म्हणायचं. डिस्टिल्ड वॉटरने विसळलेलं प्लॅस्टिकचं भांडं पाऊस सुरू झाल्यावर उघड्यावर ठेवा, झाडाखाली किंवा पत्र्याच्या पागोळीखाली नको. साबण अजिबात लावू नका. 1 ते 14 ची पीएच पट्टी इथे कामाची नाही, 4 ते 7 अशी अरुंद पल्ल्याची घ्या. पावसाच्या पाण्यात क्षार फार कमी असतात, म्हणून पट्टी थोडा वेळ बुडवून ठेवा. पहिल्या सरीचं पाणी वेगळ्या बाटलीत आणि तासाभरानंतरचं वेगळ्या. आपल्याकडे उन्हाळाभर उडालेल्या धुळीत चुनखडीचा अंश असतो, तो पहिल्या सरीत मिसळून आम्ल मारतो. त्यामुळे दोन्ही बाटल्यांचे आकडे सारखे आलेच पाहिजेत असं नाही. वहीत तारीख, वेळ आणि त्या दिवशी वारा कुठून होता तेही लिहायला लावा.