पावसाळ्यासाठी टायर घेताय? गोव्यातल्या गाडीवाल्यांनी या चुका टाळा

मे संपत आला की म्हापसा, फोंडा, डिचोलीतल्या टायरच्या दुकानांत एक प्रश्न हमखास ऐकू येतो: परदेशात बर्फासाठी विंटर टायर असतात, तसे पावसासाठी काही मिळतात का? प्रश्न रास्त आहे. पण त्यामागची समजूत, की बर्फावर न घसरणारा टायर ओल्या डांबरावर तर सहजच पकड धरेल, ती चुकीची आहे.

बर्फाचा टायर पावसाला चालत नाही

विंटर टायरचं रबर मुद्दाम मऊ ठेवलेलं असतं. तापमान साधारण 7 अंश सेल्सिअसच्या खाली गेलं की नेहमीच्या टायरचं रबर ताठरतं आणि रस्ता सोडू लागतं. विंटर टायर तिथे लवचीक राहतो. त्याच्या नक्षीवर पात्याने चिरल्यासारख्या बारीक खाचा असतात. त्यांत बर्फ अडकतो आणि बर्फ बर्फाला धरतो, म्हणून पकड मिळते. आपल्या पणजीत जानेवारीच्या पहाटेसुद्धा पारा 20 च्या आसपास असतो. एवढ्या उष्ण रस्त्यावर ते मऊ रबर भराभर झिजतं आणि ब्रेक दाबल्यावर गाडी थांबायला जास्त अंतर घेते. म्हणजे पैसे जास्त आणि सुरक्षा कमी.

थार, जिम्नीला ऑल-टेरेन, म्हणजे कच्च्या रस्त्यावरही चालणारे टायर बसवणाऱ्यांचाही इथेच घोळ होतो. टायरच्या बाजूला ‘एम+एस’ (मड अँड स्नो, म्हणजे चिखल आणि बर्फ) लिहिलेलं असतं, म्हणून तो कुठेही चालेल असं धरलं जातं. ते अक्षर कंपनी नक्षीच्या ठेवणीवरून स्वतः टाकते. बर्फावरची चाचणी उत्तीर्ण झालेल्या टायरवर तीन शिखरांचा डोंगर आणि त्यात हिमकण असं चिन्ह असतं. खाणीच्या तांबड्या चिखलात ऑल-टेरेन उपयोगी पडतो, पण पर्वरी ते मडगाव ओल्या हायवेवर रोज धावणाऱ्या गाडीला साधा, ओल्या रस्त्यावर चांगली पकड धरणारा रोड टायरच बरा.

मुलं-सुना परदेशी असतील तर मात्र हिशेब उलटा. इंग्लंडमधल्या स्विंडनला आपली कितीतरी माणसं आहेत. तिथल्या सौम्य हिवाळ्यात डोंगर-हिमकणाचं चिन्ह असलेले ऑल-सीझन टायर बहुतेकांना पुरतात आणि वर्षातून दोनदा टायर बदलायची कटकट वाचते. कॅनडाच्या क्युबेक प्रांतात 1 डिसेंबर ते 15 मार्च विंटर टायर सक्तीचे आहेत. जर्मनीत बर्फाळ रस्त्यावर 1 ऑक्टोबर 2024 पासून त्या चिन्हाचेच टायर धरले जातात, नुसतं एम+एस चालत नाही. आणि घ्यायचे तर चारही घ्यावेत. फोर-बाय-फोर, म्हणजे चारही चाकांना इंजिनाची ताकद मिळणारी गाडी बर्फातून सुटायला मदत करते, थांबायला नाही.

‘अजून नक्षी दिसते’ म्हणून पावसाळा काढणं

माझ्या मते सगळ्यात महागात पडणारी चूक हीच. नव्या कारच्या टायरला साधारण 8 मिलिमीटर खोल खाचा असतात. कायद्याची मर्यादा 1.6 मिलिमीटर. तिथपर्यंत टायर ‘चालतो’, पण पाणी फेकायची ताकद त्याच्या कितीतरी आधी गेलेली असते. ताशी 80 किलोमीटरला गाडी सेकंदाला 22 मीटर पुढे जाते. तेवढ्या वेळात टायरखालचं पाणी खाचांतून बाजूला निघायला हवं. ते निघालं नाही की टायर पाण्याच्या थरावर चढतो आणि स्टिअरिंग एकदम हलकं लागतं. मे महिन्यात खोली 3 मिलिमीटरच्या खाली असेल तर जूनची वाट पाहू नका.

तपासायला दुकान लागत नाही. स्टिअरिंग पूर्ण एका बाजूला वळवा, म्हणजे पुढच्या चाकाची आतली कड बाहेर येते. बॅटरी मारून मुख्य खाचेत पाहा: तळाशी रबराचे छोटे आडवे उंचवटे दिसतील. नक्षी त्यांच्याइतकी उतरली की टायर संपला. मग बोटं आतल्या कडेवरून फिरवा. अलाइनमेंट (चाकांचा सरळपणा) बिघडलेल्या गाडीचा टायर बाहेरून छान दिसतो आणि आत गोटा झालेला असतो. कधी तारही हाताला लागते. अशा वेळी नुसता टायर बदलून भागत नाही, अलाइनमेंट करून घेतलं नाही तर नवा टायरही तसाच जाईल.

पावसात हवा कमी करणं

‘हवा थोडी कमी ठेव, पकड येते’ हा सल्ला वाळूत खरा आहे. पाण्यात नेमकं उलटं होतं. हवा कमी झाली की टायरचा मधला भाग आत दबतो, खाचा मिटायला लागतात आणि गाडी कमी वेगातच पाण्यावर तरंगते. चालकाच्या दाराच्या चौकटीवर जो स्टिकर असतो, त्यावरचा आकडा पाळा. टायरच्या बाजूला छापलेला आकडा ही कमाल मर्यादा असते, तो भरायचा नसतो. हवा सकाळी, गाडी थंड असताना बघा. चोर्ला घाट उतरून आल्यावर मोजली तर वाढलेली दिसेल. म्हणून तिथे हवा काढू नका. टायरात हवेऐवजी नायट्रोजन भरण्यावर पैसे घालण्यापेक्षा महिन्यातून दोनदा साधी हवा तपासली तरी काम होतं.

दोनच नवे घेतले, आणि पुढे लावले

पुढची चाकं लवकर झिजतात, म्हणून नवे टायर पुढे, असा सरळ विचार होतो आणि टायरवालाही तसंच लावून देतो. त्याला स्पष्ट सांगा: नवे मागे लावा, मागचे पुढे आणा. पुढची चाकं घसरली तर गाडी वळणाबाहेर सरकते, पाय उचलला की बहुधा सावरते. करमल घाटातल्या ओल्या वळणावर मागची चाकं सुटली तर गाडीच फिरते, आणि ती परत सरळ करणं भल्याभल्यांना जमत नाही.

चवथीपुरती बाहेर निघणारी गाडी

गावच्या घरी वर्षभर उभी राहून चवथीला निघणारी गाडी आपल्याकडे पुष्कळांकडे असते. नक्षी जशीच्या तशी, म्हणून कुणाला शंका येत नाही. टायरच्या बाजूला शेवटी चार आकडे असतात: 2318 म्हणजे 2018 सालचा तेविसावा आठवडा. पाच वर्षांनंतर दरवर्षी तपासून घ्यावा, आणि दहा वर्षांचा टायर नवाकोरा दिसला तरी काढून टाकावा. स्टेपनीलाही हेच लागू. बाजूच्या भिंतीवर बारीक चिरा दिसल्या तर वय मोजायचीही गरज नाही. नवे घेतानाही हा आकडा वाचा, दुकानात जुना माल पडून असतो.

गाडी तरंगलीच तर

स्टिअरिंग हलकं लागलं की माणूस घाबरून ब्रेक दाबतो. तरंगणाऱ्या टायरला एबीएससुद्धा (ब्रेक दाबल्यावर चाकं जाम होऊ न देणारी यंत्रणा) पकड देऊ शकत नाही. अॅक्सिलरेटरवरून पाय अलगद उचला, स्टिअरिंग सरळ धरा, टायर पुन्हा रस्त्याला लागेपर्यंत वळवू नका. क्रूझ कंट्रोल (वेग आपोआप कायम ठेवणारी सोय) असेल तर पावसात बंदच ठेवा. पहिल्या सरींत तर वेग आणखी कमी ठेवा: उन्हाळाभर साचलेलं तेल आणि धूळ पाण्यावर येते, आणि तेव्हा नवे टायरही घसरतात. सत्तरीतल्या झाडांखालच्या गावरस्त्यांवर जुलैपासून शेवाळ धरतं. तिथे अचानक ब्रेक लागायची वेळ येणार नाही इतक्या हळू जा.

शेवटी दुकानातून निघण्याआधी खाली वाकून एकदा पाहा. व्हीच्या आकाराची नक्षी असलेल्या टायरवर फिरण्याच्या दिशेचा बाण असतो. तो गाडी पुढे जाताना चाक जसं फिरतं त्याच दिशेचा हवा. उलटा बसला असेल तर तिथेच काढून परत लावून घ्या.