पोस्ट बेसिक नर्सिंगची तयारी करताना या चुका टाळा

जी.एन.एम. ही नर्सिंगची पदविका घेऊन दहा-पंधरा वर्षे वॉर्डात काढलेल्या परिचारिका पोस्ट बेसिक बी.एस्सी. नर्सिंगच्या, म्हणजे त्या पदविकेनंतरच्या पदवीच्या, तयारीसाठी माझ्या रविवारच्या वर्गात येतात, तेव्हा त्यांच्या हाताला सगळे येत असते आणि लेखणीला फार थोडे. अभ्यासक्रम दोन वर्षांचा आहे; पहिल्या वर्षी जैवरसायन, सूक्ष्मजीवशास्त्र, आहारशास्त्र आणि मानसशास्त्र समोर येते, दुसऱ्या वर्षी समाजशास्त्रापासून संशोधन व संख्याशास्त्रापर्यंत मजल जाते, आणि हे सारे इंग्रजीतून लिहायचे असते. दरवर्षी चेहरे बदलतात, चुका मात्र त्याच राहतात.

सर्वांत महाग पडणारी चूक म्हणजे वॉर्डात सिनियरकडून ऐकलेली युक्ती गणित म्हणून वापरणे. काही वर्षांपूर्वी सतरा वर्षे नोकरी झालेल्या एक सिस्टर वर्गात होत्या. ५०० मिली सलाईन ४ तासांत द्यायचे असेल, तर मिनिटाला किती थेंब, या प्रश्नाला त्यांनी कागदाला हात न लावता बेचाळीस असे उत्तर दिले आणि ते बरोबर होते. तासाला १२५ मिली, त्याला तीनाने भागले की झाले, असे त्यांनी शेजारणीला समजावलेही. पुढच्या सराव परीक्षेत मी लहान मुलासाठी १०० मिली, २ तास आणि ६० थेंबांचा, म्हणजे एका मिलीचे ६० थेंब पाडणारा, मायक्रो सेट असा प्रश्न घातला. बाईंनी तासाच्या ५० मिलीला पुन्हा तीनानेच भागले आणि सतरा लिहिले. खरे उत्तर पन्नास आहे. सतराच्या गतीने तीच बाटली संपायला जवळपास सहा तास लागले असते. मी विचारले, ‘‘ताई, हा तीन आला कुठून?’’ त्यांना सांगता येईना, आणि त्याच उत्तराच्या आणखी चौघी मान खाली घालून बसल्या. तो तीन २० थेंबांच्या सेटपुरता आहे, कारण तासाची ६० मिनिटे आणि मिलीचे २० थेंब यांचा तो भागाकार आहे. १५ थेंबांच्या सेटला भाजक चार होतो आणि मायक्रो सेटला एक, म्हणजे तासाला जितके मिली तितकेच मिनिटाला थेंब.

तेव्हापासून पहिल्या रविवारी प्रत्येकीने वॉर्डातून सलाईन सेटचे रिकामे पाकीट आणायचे, असा माझा दंडक आहे. त्यावर एका मिलीचे किती थेंब हे छापलेले असते, आणि वर्षानुवर्षे ते पाकीट फाडून फेकणाऱ्यांनी ते कधी वाचलेले नसते. त्यानंतर महिनाभर कॅल्क्युलेटर बंद. प्रत्येक पायरीवर आकड्याशेजारी एकक लिहायचे, मिली खाली मिली आले की दोन्ही खोडायचे आणि शेवटी ‘थेंब प्रति मिनिट’ एवढेच उरले पाहिजे. दुसरे काही उरले तर मांडणी चुकली. ही पद्धत मंद आहे याची मला कल्पना आहे. ‘‘मॅडम, एवढे लिहायला वेळ कुठे असतो?’’ असे विचारणाऱ्या बहुधा तिसऱ्या रविवारी येईनाशा होतात, आणि मी त्यांच्यामागे जात नाही. इन्सुलिनचेही तेच. ४० युनिटच्या इन्सुलिनला लाल टोपणाची सिरिंज आणि १०० युनिटच्या इन्सुलिनला केशरी, हे सगळ्यांना पाठ असते. पण ४० म्हणजे एका मिलीतली युनिटे, हे विचारले की वर्ग गप्प होतो.

दुसरी चूक माझ्या विशेष रागाची आहे. इंग्रजी पुस्तकातल्या प्रत्येक अवघड शब्दाच्या डोक्यावर पेन्सिलीने देवनागरी उच्चार लिहिला जातो आणि पुढे डोळा फक्त तोच वाचतो. लहान आतड्याचा शेवटचा भाग हा इलियम आणि कमरेच्या हाडाचा वरचा पसरट भागही इलियमच. फरक फक्त स्पेलिंगच्या तिसऱ्या अक्षराचा, आतड्यात ‘ई’ आणि हाडात ‘आय’. देवनागरीत तो फरक पार पुसला जातो. टायफॉइडच्या गुंतागुंतीवरील एका उत्तरात मी आतड्याऐवजी कमरेच्या हाडाला छिद्र पडलेले वाचले आहे, आणि लिहिणारीने टायफॉइडचे शेकडो रुग्ण सांभाळले होते. म्यूकसचीही हीच गत होते, कारण स्राव आणि तो स्रवणारे आवरण यांच्या स्पेलिंगांत एका ‘ओ’चा फरक आहे. उच्चार हवाच असेल तर तो वहीच्या मागच्या पानावर लिहावा. पुस्तकात शब्दाचे तुकडे पाडून रेघा माराव्यात, म्हणजे ‘आयटिस’ आले की दाह, ‘एक्टमी’ आले की काढून टाकणे आणि ‘ऑस्टमी’ आले की अवयवाला नवे तोंड तयार करणे, हे शब्द बघताच लक्षात येते. मी स्वतः रोज पाच शब्द हाताने लिहून काढत असे. मोबाइलवर टिपलेला शब्द बोटाला आठवत नाही, असे माझे ठाम मत आहे.

प्रश्नात ‘कारणे द्या’ म्हटले असताना ‘आमच्या वॉर्डात आम्ही असे करतो’ हे लिहू नये. परीक्षकाला तुमचा वॉर्ड माहीत नसतो.

‘महत्त्वाचे प्रश्न’ नावाच्या झेरॉक्स गठ्ठ्यावर विसंबून राहू नये. संख्याशास्त्राची भीती वाटत असेल तर ते दुसऱ्या वर्षावर ढकलण्याऐवजी आत्ताच अपूर्णांक आणि टक्केवारी पक्की करावी; पाच टक्के डेक्स्ट्रोजच्या ५०० मिली बाटलीत २५ ग्रॅम साखर का असते, हे सांगता आले तर निम्मी भीती तिथेच संपते.

लग्नाआधीच्या नावाचे जी.एन.एम. प्रमाणपत्र आणि लग्नानंतरच्या नावाचे आधार कार्ड यांचा मेळ अर्ज भरण्याच्या आठवड्यात घालायला जाऊ नये. राजपत्रातील नावबदल, नर्सिंग कौन्सिलच्या नोंदणीचे नूतनीकरण आणि नोकरीच्या ठिकाणचे ना हरकत प्रमाणपत्र ही तीन कामे अभ्यासाच्याही आधी सुरू करावीत, कारण त्यांची गती आपल्या हातात नसते.

नाइट ड्यूटी करून आल्यावर तीन तास अभ्यास करण्याचा संकल्प सगळ्याच करतात आणि आठवड्यात मोडतात. मी ड्यूटीवर निघण्यापूर्वीची चाळीस मिनिटे धरली होती, गणवेश घालून, चपला पायात घालून, जेवणाच्या टेबलावर. तसे बसले की घरातले कोणी दुसरे काम सांगत नसे.